बुवांचा गंधार आणि ट्यूनरचा लाल दिवा

गेल्या पावसाळ्यात मी आमच्या शेजारच्या बुवांचा एक अभंग घरी रेकॉर्ड केला. बुवा आमच्या वाड्यावरच्या भजनी मंडळाचे. वय सत्तरीच्या पुढे, पण आवाज अजून खणखणीत. दोन रात्री बसून मी ते रेकॉर्डिंग 'साफ' केलं आणि तिसऱ्या दिवशी हेडफोन त्यांच्या कानांना लावला. त्यांनी डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं, हेडफोन काढून माझ्या हातात दिला आणि विचारलं, "हो कोण गो बाय?"

मला वाटलं, मस्करी करताहेत. पण ते खरंच विचारत होते.

तो प्रश्न अजून माझ्या डोक्यातून गेलेला नाही. आपल्या कॉलेजात आज गिटार नसलेला वर्ग नाही आणि लॅपटॉपवर एखादं गाणं अर्धवट पडलेलं नाही असा गिटारवाला नाही. त्या सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं : सुरेल करणं वेगळं आणि एकसारखं करणं वेगळं. घरी शिकताना आणि घरी रेकॉर्ड करताना या दोन्हींत आपली फार गल्लत होते.

माझी गिटारशी ओळख चॅपलातल्या कॉयरमध्ये झाली. चार-पाच कॉर्ड आले की मिसाला निभावून नेता येतं. मग दोन वर्षांपूर्वी पेडण्याच्या माझ्या मावसभावाने मला त्याची जुनी इलेक्ट्रिक गिटार दिली. तो हंगामात हरमल-मांद्रेच्या शॅकमध्ये वाजवतो. ही गिटार त्याने मायदेशी परत जाणाऱ्या एका पाहुण्याकडून स्वस्तात घेतली होती. डिचोलीत मला इलेक्ट्रिक गिटार शिकवणारं कोणी सापडलं नाही, त्यामुळे मोबाइल हाच गुरू झाला.

मोबाइलवरचा प्रत्येक मास्तर पहिल्या आठवड्यात एकच गोष्ट शिकवतो : पेंटॅटॉनिक, म्हणजे पाच सुरांचा स्केल. आणि दुसऱ्या आठवड्यात शिकवतो बेंड. म्हणजे तार बोटाने वर ढकलायची, ताण वाढतो, सूर चढतो. अकूस्टिकवर जे करताना बोटं सोलून निघतात ते इलेक्ट्रिकच्या बारीक तारांवर सहज होतं. त्यामुळे मी दिवसभर तारा ओढत बसायचे. बाल्कांवात ॲम्प्लिफायर, समोर मी, आणि गडग्याच्या पलीकडे बुवा.

एक दिवस ते गडग्याजवळ येऊन म्हणाले, "मींड बरी, पूण खंय पावपाचें तें तुका खबर ना."

मला राग आला, पण ते बरोबर होते. मी तार ओढत होते, पण ती कुठल्या सुरावर पोचवायची ते कानात नव्हतं. त्यांनी मला जे करायला लावलं ते नंतर एका चांगल्या गिटारवादकाच्या धड्यातही सापडलं, म्हणून इथे सांगते. आधी जो सूर गाठायचा तो सरळ वाजवा. समजा तिसऱ्या तारेवरचा दहावा फ्रेट. तो गळ्याने गा. मग त्याच तारेवर आठव्या फ्रेटवर या आणि तार ओढून तोच सूर गाठा. ओढताना अनामिका एकटी नको. मधलं बोट आणि तर्जनी मागून टेकू देतात, अंगठा गिटारच्या मानेवर वर येतो आणि जोर बोटांतून न येता मनगट फिरवण्यातून येतो. पोचलात की थांबा. हलवू नका. व्हायब्रेटो नंतर. जिथे पोचायचं ते न कळता हलवलेला सूर म्हणजे चूक लपवायची युक्ती, हे बुवांनी मला वेगळ्या शब्दांत ऐकवलंच होतं.

आणखी एक शोध लागला. बुवा भूपातला एक अभंग म्हणतात. सा रे ग प ध. मी बोटं ठेवून पाहिली तर तो मोबाइलवाल्या मास्तरांचा मेजर पेंटॅटॉनिक! पाच सूर तेच. मी जे परदेशातून शिकत होते ते गडग्यापलीकडे दर एकादशीला चालू होतं. बुवांची पट्टी काळी एक, म्हणून पहिल्या फ्रेटवर कापो लावायचा, सी चा आकार धरायचा, की झाली साथ. त्या पावसाळ्यात आम्ही दोघांनी बाल्कांवात बसून बरंच काही वाजवलं. त्यातूनच रेकॉर्डिंगची कल्पना निघाली.

घरी रेकॉर्ड करायला आता फार काही लागत नाही. एक दोन इनपुटचा इंटरफेस, एक माइक, एक लॅपटॉप, एक हेडफोन. बाकी सगळं घर शिकवतं. आमचं घर नळ्यांचं. जुलैत पाऊस लागला की माइकला पाऊसच ऐकू येतो. सकाळी केलेल्या चार टेकपैकी तिनांत पोदेराचा भोंपू आहे. गिटारमधून सतत भुणभुण यायची. ती गिटार बिघडल्यामुळे नव्हती. जुन्या पद्धतीचे एकेरी कॉइलचे पिकअप घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची कंपनं पकडतात. ट्यूबलाइट बंद केली, लॅपटॉपचा चार्जर काढला, गिटार हातात घेऊन खोलीत हळूहळू फिरले, तेव्हा कपाटाकडे तोंड केल्यावर भुणभुण जवळजवळ गेली. आता मी कायम कपाटाकडे तोंड करून बसते. गाद्या आणि जुन्या चादरी भिंतीला टेकवल्या की खोलीचा घुमारा कमी होतो. माइकची पातळी इतकीच ठेवायची की सगळ्यात मोठा आवाज उणे १२ डेसिबलच्या आसपास राहील. हळू आलेला आवाज नंतर मोठा करता येतो, पण फाटलेला आवाज शिवता येत नाही.

इथपर्यंत सगळं ठीक होतं. बुवा गायले, नातवाने झांज धरली, पेटीचा आवाज माइकमध्ये शिरू नये म्हणून मोबाइलवर तानपुरा लावला. एकाच टेकमध्ये अभंग झाला. चहा पिऊन ते घरी गेले आणि मी 'सुधारायला' बसले.

मी तीन गोष्टी केल्या. पहिली, पाऊस काढायला गेले आणि पावसाबरोबर त्यांचे श्वासही गेले. दुसरी, लय. अभंग मिनिटाला साधारण ७० ठोक्यांवर सुरू झाला होता आणि शेवटाला ११० च्या वर गेला होता. सॉफ्टवेअरमध्ये गाणं उघडलं की आधीच एक रेघांची जाळी असते, तिच्यावर सगळं बसवायचं असतं. मी अख्खा अभंग कापून, ताणून एका वेगावर बसवला. ज्याने भजन ऐकलंय त्याला सांगायला नको की लय चढणं हेच तिथे सगळं असतं. जाळीवर बसवलेला अभंग म्हणजे देवळापर्यंत न पोचणारी दिंडी.

तिसरी गोष्ट सूर. ही मला सगळ्यात जास्त लागली, कारण इथे मला खात्री होती की मी बरोबर आहे. पडद्यावर बुवांचा प्रत्येक सूर दिसत होता. सा आणि प बरोबर रेषेवर. पण गंधार जवळजवळ प्रत्येक वेळी रेषेच्या खाली, दहा-पंधरा सेंटने. गिटारचा ट्यूनर लावून पाहिला, तर लाल दिवा. मी मनात म्हटलं, वय झालं, चालायचंच. आणि एक बटण दाबून सगळे गंधार वर रेषेवर नेले. मींडही सरळ झाली, पायऱ्यांसारखी.

हा सेंटचा हिशोब मला नंतर कळला. सप्तकाचे १२ सारखे भाग केले आणि प्रत्येक भागाला १०० सेंट म्हटलं, तर गंधार ४०० वर येतो. गिटारचे फ्रेट, कीबोर्ड, ट्यूनर, सॉफ्टवेअर सगळे याच मापाचे. पण तानपुऱ्याच्या तारेतून जो गंधार आपोआप ऐकू येतो, म्हणजे षड्जाशी ५ : ४ या प्रमाणात असलेला, तो येतो ३८६ वर. फरक १४ सेंटचा. म्हणजे बुवा चुकले नव्हते. ते तानपुऱ्याला धरून गात होते आणि माझा ट्यूनर त्यांना बारा सारख्या खणांच्या कपाटात कोंबू बघत होता. गंधार हा भूपाचा वादी सूर. मी नेमका तोच बदलला होता. मग ते स्वतःला कसे ओळखणार?

गंमत म्हणजे हे सूर दुरुस्त करणारं तंत्र आलंही जमिनीखालून. ऑटो-ट्यून १९९७ साली बाजारात आलं. ते बनवणारे अँडी हिल्डेब्रँड आधी तेल शोधण्याच्या क्षेत्रात होते. जमिनीत ध्वनिलहरी सोडायच्या, त्या कशा परत येतात त्यावरून खाली काय आहे ते ओळखायचं, हे त्यांचं काम. तसलंच गणित त्यांनी गळ्याला लावलं. आम्ही खाणींच्या तालुक्यातले लोक. डोंगर सपाट केला की काय उरतं ते आम्हाला पुस्तकात वाचावं लागत नाही.

आता कोणी म्हणेल, म्हणजे तंत्र नको, यंत्र नको, भावना महत्त्वाची. नाही. असं मला अजिबात म्हणायचं नाही. 'फील आहे ना, मग झालं' हे वाक्य आपल्याकडे बहुतेक वेळा रियाज न करणारेच म्हणतात. बुवांना बेसूर चालत नाही. नातू झांजेत अर्धी मात्रा सरकला तर ते गाता गाता डोळे वटारतात. मी रोज मेट्रोनोम लावून सराव करते आणि सगळ्यांनी करावा. ६० वर नीट येत नसेल तर १२० वर येणार नाही. ट्यूनरशिवाय गिटार लावू नये. पण मेट्रोनोम हा सरावाचा सोबती आहे, गाण्याचा मालक नव्हे. आणि ट्यूनरने मोकळी तार लावायची असते, माणूस नाही.

पक्क्या सुरांचं वाद्यही शत्रू नाही. आपल्या पेटीचंच बघा. पेटीवर मींड निघत नाही, तिचे सूर ठरलेले, या कारणांनी आकाशवाणीने १९४० मध्ये तिला बंदी घातली. ती १९७१ पर्यंत पूर्ण उठली नव्हती. त्याच काळात गोव्यातल्या देवळांत पेटीशिवाय भजन होत नव्हतं. कारण गाणारा पेटीवर टेकतो, पण पेटीच्या दोन पट्ट्यांच्या मधून चालतो. यंत्र आधाराला घेणं आणि यंत्राला निकाल द्यायला बसवणं यांत हा फरक आहे. इलेक्ट्रिक गिटारला तर फ्रेट असूनही तार ओढता येते. आठव्या फ्रेटवरून गंधाराला जाताना ४०० वर थांबायचं की ३८६ वर, हे माझं बोट ठरवतं. एवढं स्वातंत्र्य पेटीला नाही. ते असताना आपण सॉफ्टवेअरला विचारायला का जावं?

आपल्या माणसांनी हे आधी करून दाखवलेलं आहे. पोर्तुगीज काळात चर्चच्या शाळांतून सोल्फेज आणि व्हायोलिन शिकून कितीतरी गोंयकार मुंबईच्या सिनेमात गेले. त्यांतले माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस. १९७७ च्या सिनेमातलं ते प्रसिद्ध नाव ज्यांच्यावरून घेतलं ते हे खरे गृहस्थ, संगीतकार प्यारेलाल यांचे गुरू. १९५८ मध्ये त्यांनी मुंबईत वाद्यवृंद उभा करून राग आणि सिंफनी एकत्र आणायचा प्रयत्न केला. पाश्चात्त्य लिपी त्यांना कोळून प्यायल्यासारखी येत होती, म्हणूनच तिच्यात काय मावत नाही तेही कळत होतं. तंत्र अर्धवट येतं तेव्हाच ते आपल्या डोक्यावर बसतं.

आणि घरच्या रेकॉर्डिंगचं म्हणाल तर त्याचा आपला मूळपुरुष चोपड्याच्या पुलापलीकडे, शिवोलीतच आहे. रेमो फर्नांडिस यांनी १९८४ मध्ये 'गोवन क्रेझी' हा अल्बम शिवोलीच्या घरात, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर केला. वाद्यं स्वतः वाजवली, कव्हर स्वतः केलं आणि स्कूटरवरून दुकानादुकानांत कॅसेट पोचवल्या. चार ट्रॅक म्हणजे काय ते आपल्या पिढीला कळणं कठीण आहे. पाचवं वाद्य हवं असेल तर आधीचे तीन ट्रॅक चौथ्यावर एकत्र उतरवायचे आणि ते तीन पुसून पुन्हा वापरायचे. एकदा उतरवलं की परत वेगळं करता येत नाही. त्यामुळे आधी ठरवावं लागतं, नंतर बघू म्हणता येत नाही. माझ्याकडे शंभर ट्रॅक आहेत आणि 'अनडू'चं बटण आहे. दोन वर्षांत माझी पूर्ण झालेली गाणी किती? दोन. अमुक प्लगइन मिळालं की करीन, नवीन गिटार आली की करीन, असं म्हणत बाकीची पडून आहेत. चूक पुसता येते म्हणून आपण चुका पुसतच बसतो.

आता जरा साहित्याकडे वळते, कारण शेवटी मी मराठीची विद्यार्थिनी आहे. शाळेत असताना माझ्या निबंधांवर लाल शाई फार असायची. काही चुका खऱ्याच असायच्या, ऱ्हस्व-दीर्घाच्या. त्या दाखवल्याबद्दल मी आजही आभारी आहे. पण काही ठिकाणी मी 'गडगा' लिहिलेलं असायचं आणि वर 'कुंपण' असायचं, 'बाल्कांव'च्या जागी 'ओसरी'. ओसरी वेगळी, बाल्कांव वेगळं. तिथे मी चुकलेले नव्हते. मी माझ्या सुराला धरून लिहीत होते आणि कोणाचा तरी ट्यूनर लाल दिवा दाखवत होता. अजूनही कोणी ओळख झाल्यावर विचारतं, "कॅथलिक असून मराठी? आणि एवढं बरं?" वाईट हेतूने नाही विचारत. पण त्यांच्याकडे एक जाळी आहे आणि मी तिच्या रेघेवर बसत नाही. राचोलला १६१६ मध्ये छापलेलं फादर स्टीफन्स यांचं ख्रिस्तपुराण आपल्या अभ्यासात आहे. त्या मराठीतही इथले कोंकणी शब्द सहज येऊन बसतात. आजच्या स्पेलचेकरला दिलं तर पानभर लाल रेघा उठतील.

म्हणून बुवांच्या बाबतीत मला जास्त लाज वाटली. जे माझ्या निबंधाचं झालं तेच मी त्यांच्या गळ्याचं केलं, आणि तेही 'मदत' म्हणून.

मग करायचं काय? मला जे उपयोगी पडलं ते सांगते.

सराव मेट्रोनोमवर करा, पण रेकॉर्ड करताना एकदा तरी तो बंद करून बघा. बेंड आधी गळ्याने गा, मग वाजवा. सूर दुरुस्त करणारं बटण स्वतःच्या आवाजावर हवं तर वापरा, तो तुमचा प्रश्न. पण दुसऱ्याच्या आवाजावर त्याला न विचारता कधीच वापरू नका. मूळ टेक जसाच्या तसा वेगळा जपून ठेवा, त्याच्यावर तारीख, गाव आणि गाणाऱ्याने परवानगी दिली असेल तर नाव लिहा. आणि आठवड्यातून एक दिवस हेडफोन काढून कोणाबरोबर तरी वाजवा. मोबाइलवरचा मास्तर तुमचं कधी ऐकत नाही. गडग्यापलीकडचा ऐकतो.

आपल्या मंडळाला एक विनंती. पेडणे, डिचोली, सत्तरी या बाजूने येणारे आपण किती तरी जण आहोत. प्रत्येकाच्या वाड्यावर अभंग म्हणणारं, चतुर्थीला घुमटावर आरत्या धरणारं, फुगडीची गाणी येणारं, लदाइन म्हणणारं कोणीतरी आहे. २०१९ मध्ये घुमटाला राज्याच्या वारसा वाद्याचा मान मिळाला, चांगली गोष्ट. पण मान मिळाल्याने आवाज जपला जात नाही. आपल्यातल्या प्रत्येकाने वर्षाला एक रेकॉर्डिंग करून मंडळाच्या संगणकावर ठेवलं तरी पुढच्या मुलांना ऐकायला काहीतरी राहील. स्टुडिओ नको. मोबाइल पुरे. फक्त तो माणसापासून हातभर अंतरावर ठेवा, पंखा बंद करा आणि मध्ये बोलू नका.

बुवांना मी खरी गोष्ट सांगितली आणि मूळ टेक ऐकवला. पाऊस, श्वास, सगळं असलेला. मधे पोदेराचा भोंपूही आहे. त्यांनी पुन्हा डोळे मिटले. दुसऱ्या कडव्याला अचानक त्यांनी हात वर केला आणि म्हणाले, "हांगा हांव चुकलों."

मला ती चूक ऐकू आली नव्हती. पडद्यावरही दिसली नव्हती. आता ती कुठे आहे ते शोधण्यासाठी मी रोज ऐकते आहे. पुढच्या एकादशीपर्यंत सापडली नाही, तर गडग्यावरून हाक मारून विचारीन.